अर्ध्या कागदावरचा चँडलर

अमेरिकन रहस्यकथाकार रेमंड चँडलर टाइपरायटरला अख्खा कागद लावत नसे. पिवळा कागद मधोमध कापायचा, तो अर्धा तुकडा यंत्रात घालायचा आणि त्यावर बारा ते पंधरा ओळी टाइप करायच्या. म्हणजे एका तुकड्यावर साधारण सव्वाशे-दीडशे शब्द. त्याचा हिशेब सरळ होता. एवढ्याशा जागेतसुद्धा वाचकाच्या हाती काहीतरी लागलंच पाहिजे : एखादी उपमा, संवादातला एखादा टोला, दारातून आत येणाऱ्या माणसाची एखादी लकब. नाही लागलं, तर तो तुकडा बाजूला टाकून नवा घ्यायचा. खाडाखोड करण्यापेक्षा पुन्हा टाइप करायचं. भरलेलं अख्खं पान फेकून द्यायला मन धजत नाही, पंधरा ओळी मात्र सहज फेकता येतात.

त्याची सगळी कारकीर्द या अर्ध्या कागदावरून समजते, असं माझं ठाम मत आहे. चँडलर प्रसंगाचा लेखक होता, कथानकाचा नव्हता. त्याच्या कादंबऱ्या वाचून दहा वर्षांनी खुनी कोण ते आठवत नाही. आठवतो तो काचघरातल्या उकाड्यात ब्रँडीच्या गोष्टी करणारा म्हातारा जनरल. त्याचं सिनेमात जे चाललं आणि जे बिनसलं, ते दोन्ही याच गुणामुळे.

चरित्राचा सुरुवातीचा भाग थोडक्यात सांगतो. जन्म 23 जुलै 1888, शिकागो. वडील रेल्वेत इंजिनियर, दारूच्या आहारी गेलेले. त्यांनी घर सोडलं आणि आयरिश आई मुलाला घेऊन इंग्लंडला आली. लंडनजवळच्या डलिच कॉलेजात त्याचं लॅटिन-ग्रीक पक्कं झालं. नौदल खात्यात कारकुनी मिळाली, ती त्याने काही महिन्यांत सोडली. थोडी पत्रकारिता झाली, बऱ्याच सामान्य कविता झाल्या. 1912 साली तो अमेरिकेत परतला. पहिल्या महायुद्धात कॅनडाच्या सैन्यातून फ्रान्सच्या आघाडीवर गेला. नंतर लॉस एंजेलिसमध्ये एका तेल कंपनीत हिशेबनीस म्हणून लागून वरच्या अधिकारपदापर्यंत चढला. 1924 मध्ये त्याने सिसी पास्कलशी लग्न केलं. ती त्याच्यापेक्षा अठरा वर्षांनी मोठी होती. 1932 साली दारू आणि गैरहजेरीपायी नोकरी गेली. तेव्हा तो चव्वेचाळीस वर्षांचा होता, मंदीचा काळ होता आणि गाठीला लेखनाचं म्हणावं असं काहीच नव्हतं.

त्यानंतर त्याने जे केलं ते लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाने नीट बघावं. त्या काळी ‘पल्प’ मासिकं चालत. स्वस्त, खरबरीत कागद, भडक मुखपृष्ठ आणि शब्दावर मानधन. त्यातलं रहस्यकथांचं सर्वांत मानाचं मासिक म्हणजे ‘ब्लॅक मास्क’, संपादक जोसेफ शॉ. चँडलरने आधी ही मासिकं वाचली आणि मग अर्ल स्टॅन्ली गार्डनरची एक दीर्घकथा उचलली. पेरी मेसन या वकील-नायकाच्या कादंबऱ्या लिहिणारा हाच तो गार्डनर. त्या कथेचा तपशीलवार सारांश काढला, मूळ कथा बाजूला ठेवली आणि नुसत्या सारांशावरून ती आपल्या शब्दांत पुन्हा लिहिली. मग दोन्ही शेजारी ठेवून ताडून पाहिल्या. आपली कथा कुठे रेंगाळते, गार्डनर त्याच जागी काय करून पुढे सरकतो, हे बघून पुन्हा लिहिली. तो मजकूर अर्थातच छापण्यासाठी नव्हता. पुढे दोघांची ओळख झाल्यावर चँडलरने हे सगळं गार्डनरला पत्रातून मोकळेपणाने कळवलं.

या पद्धतीत एक बारकावा आहे. मूळ कथा समोर ठेवून लिहिली तर ती नक्कल होते. सारांशावरून लिहिली तर घटना उसन्या असल्या तरी वाक्यं स्वतःची काढावी लागतात. चँडलरला नेमकं तेच शिकायचं होतं. घटनांची जुळवाजुळव त्याला कधीच फारशी जमली नाही, पण त्याचं वाक्य इथे घडलं.

पहिली कथा ‘ब्लॅकमेलर्स डोन्ट शूट’. अठरा हजार शब्द, पाच महिन्यांची मेहनत. ‘ब्लॅक मास्क’ने ती डिसेंबर 1933 मध्ये छापली, मानधन 180 डॉलर, म्हणजे शब्दाला एक सेंट. याच बाजारात इतर लेखक महिन्याला लाखभर शब्द पाडत असत. त्या वेगाने लिहिलं तर शब्दाला एक सेंट पुरतो. पाच महिन्यांत एक कथा लिहिणाऱ्याला तो पुरत नाही. पुढची पाच-सहा वर्षं चँडलर दांपत्य भाड्याची घरं बदलत काटकसरीने राहिलं आणि तेवढ्या काळात वीसेक कथा झाल्या. वेग वाढवायला तो तयार नव्हता. मग त्याच श्रमातून जास्त काय निघेल याचा त्याने विचार केला.

त्यातून कादंबरीची वाट निघाली. आपल्याच छापून आलेल्या कथा फोडून त्यांच्या मालावर कादंबरी उभी करायची. या कामाला तो स्वतः जो शब्द वापरी त्याचा अर्थ ‘आपलंच मांस खाणं’ असा होतो. ‘द बिग स्लीप’ (1939) मुख्यतः दोन कथांतून उभी राहिली : ‘किलर इन द रेन’ (1935) आणि ‘द कर्टन’ (1936). एका कथेत मुलीपायी हवालदिल झालेला बाप आहे, दुसरीत बेपत्ता जावयाचा ध्यास घेतलेला म्हातारा जनरल. चँडलरने दोन्ही म्हाताऱ्यांचा एक जनरल स्टर्नवुड केला आणि त्याला दोन मुली दिल्या. दुसऱ्या कथेतला खुनीसुद्धा बदलला. सगळं मिळून तीन महिन्यांत झालं. स्वतः चँडलरने एवढ्या झपाट्याने दुसरी कादंबरी लिहिली नाही.

पण ‘जुन्या कथा चिकटवल्या’ एवढंच म्हटलं तर खरं काम नजरेआड होतं. ‘द कर्टन’मधला काचघराचा प्रसंग घ्या. गुप्तहेर जनरलला भेटायला जातो, ऑर्किडच्या कोंदट उबेत म्हातारा ब्लँकेट गुंडाळून बसलेला असतो. कादंबरीत हाच प्रसंग मूळच्या दुपटीहून मोठा झाला आहे. तरी त्यात एकही नवी घटना नाही. वाढलं आहे ते पाहणं. काचेवरून ओघळणारं पाणी, झाडांचे मांसल देठ, स्वतःला पिता येत नाही म्हणून दुसऱ्याला पिताना बघण्याची म्हाताऱ्याची हौस. मासिकाचा संपादक नेमकं हेच कापत असे, कारण त्याच्या मते वाचकाला मारामारी हवी होती. चँडलरचं मत उलट होतं. वाचकाला वाटतं आपल्याला घटना हव्या आहेत, प्रत्यक्षात त्याला धरून ठेवतात ते संवाद आणि वर्णनातून उमटणारी भावना. कादंबरीच्या ऐसपैस जागेत त्याने ते सिद्ध केलं.

‘फेअरवेल, माय लव्हली’ (1940) तीन कथांतून झाली, ‘द लेडी इन द लेक’ (1943) हीसुद्धा जुन्या कथांतूनच. वापरून झालेल्या कथा त्याने हयातीत पुन्हा संग्रहात येऊ दिल्या नाहीत. त्याच्या मृत्यूनंतर 1964 मध्ये त्या ‘किलर इन द रेन’ या नावाने एकत्र छापल्या गेल्या.

या पद्धतीत बिघडतं कुठे, तेही सांगायला हवं. दोन कथांचे खून, संशयित आणि हेतू एकत्र आले की सांध्याला भोक पडतं. ‘द बिग स्लीप’मध्ये स्टर्नवुड यांचा ड्रायव्हर गाडीसकट समुद्रात सापडतो. त्याला कोणी मारलं, की त्याने स्वतःच जीव दिला? पुस्तक उत्तर देत नाही. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स या कादंबरीवर सिनेमा करत असताना हा प्रश्न थेट चँडलरकडे गेला आणि त्यालाही उत्तर माहीत नव्हतं. विनोदी किस्सा म्हणून हे फार सांगितलं जातं. मला तो त्याच्या पद्धतीचा चोख पुरावा वाटतो. प्रत्येक प्रसंग उभा राहिला की त्याचं काम झालेलं असे. आणि वाचकही ते भोक न दिसता पुढे जातो, म्हणजे त्याचा अंदाज बरोबरच होता.

1943 मध्ये हॉलिवुडच्या पॅरामाउंट स्टुडिओने बोलावलं. दिग्दर्शक बिली वाइल्डरला जेम्स केनच्या ‘डबल इन्डेम्निटी’ या कादंबरीवर सिनेमा करायचा होता. केन दुसऱ्या स्टुडिओत अडकलेला होता, म्हणून निर्माता जो सिस्ट्रमने चँडलरचं नाव पुढे केलं. चँडलरला सिनेमाच्या कामाची काहीच कल्पना नव्हती. दोनेक आठवड्यांत पटकथा उरकेल आणि हजारभर डॉलर मिळतील, असा त्याचा अंदाज. त्याला सांगितलं गेलं की आठवड्याला 750 डॉलर मिळतील आणि काम तीन महिने चालेल. शब्दाला एक सेंट घेणाऱ्या माणसासाठी हा आकडा कोणत्या जगातला होता, ते 180 डॉलरच्या त्या पहिल्या कथेवरून लक्षात येईल.

वाइल्डरच्या आठवणीनुसार चँडलरने पहिल्यांदा ऐंशीएक पानं आणून दिली आणि ती कॅमेऱ्याच्या सूचनांनी भरलेली होती. कादंबरीकार सिनेमाकडे वळला की हमखास इथेच चुकतो. कॅमेरा कुठे ठेवायचा हे दिग्दर्शक ठरवतो. लेखकाने द्यायचं असतं ते पात्र काय करतं, काय बोलतं आणि प्रसंग संपतो तेव्हा काय बदललेलं असतं. वाइल्डरने ती पानं बाजूला ठेवली आणि दोघे एका खोलीत बसून ओळीओळीने लिहू लागले. दोघांचं अजिबात जमलं नाही. वाइल्डर खोलीत छडी फिरवतो, सतत मैत्रिणींना फोन करतो, अशा तक्रारींची यादी चँडलरने स्टुडिओकडे दिली. पण काम थांबलं नाही.

त्या खोलीतला सर्वांत मोलाचा मुद्दा चँडलरचा होता. वाइल्डरला केनचे संवाद जसेच्या तसे ठेवायचे होते. कागदावर ते झकास होते, छोटे, धारदार, वेगवान. चँडलर म्हणाला, ते बोलून चालणार नाहीत. मग नटांकडून पुस्तकातला प्रसंग मोठ्याने वाचून घेतला आणि तो खरंच सपाट पडला. चँडलरने पुढे केनलाही त्याचं कारण समजावून दिलं : हे संवाद डोळ्यासाठी लिहिलेले आहेत. पानाच्या उजव्या कडेला मोकळी जागा सोडत ओळी उतरतात आणि वाचकाला त्यातून वेग जाणवतो. कानाला ती मोकळी जागा ऐकू येत नाही. तिथे वाक्याला उसळी लागते, समोरच्याने टाकलेला शब्द पकडून परत फेकावा लागतो. विमा एजंट नेफ आणि जिच्या नादाने तो तिच्या नवऱ्याचा खून करतो ती फिलिस पहिल्या भेटीत वेगमर्यादा आणि वाहतूक पोलिसाच्या रूपकातून एकमेकांना चाचपतात, तो संवाद पटकथेतला आहे, केनच्या पुस्तकातला नाही. ज्यांना संवाद लिहायचे आहेत त्यांनी आपला प्रत्येक प्रसंग दुसऱ्याकडून मोठ्याने वाचून घ्यावा. स्वतः वाचला तर आपण नकळत सांभाळून घेतो.

रूपांतरातली दुसरी युक्तीही बघण्यासारखी आहे. केनची कादंबरी म्हणजे नायकाने लिहिलेला कबुलीजबाब. पटकथेत जखमी नेफ रात्री विमा कंपनीच्या ऑफिसात येतो आणि डिक्टाफोनवर, म्हणजे आवाज नोंदवून ठेवणाऱ्या यंत्रावर, बोलू लागतो, तेही थेट आपला सहकारी कीज याला उद्देशून. एवढ्या बदलाने तीन कामं होतात. निवेदनाला आवाज मिळतो. तो आवाज एका माणसाला उद्देशून असल्याने त्यात ओढ येते. आणि नेफ गुन्हेगार आहे हे सुरुवातीलाच कळल्याने ‘कोणी केलं’ हा प्रश्नच बाद होतो. चँडलरसारख्या लेखकाला याहून सोयीचं काय असणार! 1944 सालच्या या पटकथेला ऑस्करचं नामांकन मिळालं. सिनेमाच्या सोळाव्या मिनिटाच्या आसपास कीजच्या ऑफिसबाहेर चष्मा लावलेला एक माणूस खुर्चीवर वाचत बसलेला दिसतो. तो चँडलर आहे.

त्यानंतर दोन किरकोळ सिनेमे झाले आणि मग ‘द ब्लू डेलिया’. ही त्याची एकमेव मूळ पटकथा जी पडद्यावर आली. त्याच्याकडे एक कादंबरी अर्धवट पडली होती, तीच निर्माता जॉन हाउसमनने पटकथेसाठी मागून घेतली. नट अ‍ॅलन लॅड सैन्यात परत जाणार होता, त्यामुळे त्याच्याआधी चित्रीकरण संपवणं भाग होतं. पहिला अर्धा भाग झटपट आला, चित्रीकरण सुरू झालं आणि मग लेखनाची गाडी अडली. चँडलरने शेवट मनात धरला होता तो असा : खून नायकाच्या मित्राने केलेला, युद्धात डोक्याला जखम झालेला हा सैनिक, आणि त्याला स्वतःला काही आठवत नाही. नौदलाने हरकत घेतली. युद्धावरून परतलेला जवान खुनी दाखवायचा नाही. पटकथेचा पायाच काढून घेतला गेला, आणि चित्रीकरण तर रोज पुढे सरकत होतं.

अशात स्टुडिओच्या वरिष्ठांनी चँडलरला वेळेत काम संपवल्यास 5,000 डॉलर जादा देऊ केले. तो दुखावला. कबूल केलेलं काम करण्यासाठी लाच दिली जातेय, असं त्याला वाटलं. शेवटी त्याने हाउसमनला सांगितलं की हे आता दारू पिऊनच पूर्ण होईल, आणि मागण्यांची यादी दिली. घरासमोर दिवसरात्र दोन लिमोझिन गाड्या, डॉक्टरला आणायला आणि पानं स्टुडिओत पोचवायला. सहा सेक्रेटरी, दोघींच्या तीन पाळ्यांत. स्टुडिओशी सतत जोडलेला फोन. स्टुडिओने सगळं मान्य केलं. आठ दिवस तो जेवलाच नाही, डॉक्टर येऊन ग्लुकोजची इंजेक्शनं देत. पटकथा पुरी झाली आणि तिलाही ऑस्करचं नामांकन मिळालं.

हा किस्सा दारूच्या कौतुकासाठी सांगितला जातो, त्याचा मला राग येतो. सिनेमा पाहा. खुनाचं ओझं घाईघाईने इमारतीच्या खासगी पहारेकऱ्यावर टाकलेलं स्पष्ट दिसतं, शेवटचा प्रसंग मनाला पटत नाही. दारूने पटकथा संपली, सुधारली नाही. आणि व्यसनातून मुश्किलीने सावरलेल्या पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या प्रकृतीने त्याची किंमत मोजली.

यानंतरची कामं एकेक करून फसत गेली, आणि त्यामागे ठरावीक कारणं आहेत. एमजीएम स्टुडिओने ‘द लेडी इन द लेक’ची पटकथा त्याच्याकडेच सोपवली. स्वतःची कादंबरी म्हणजे सोपं काम, असं कोणालाही वाटेल. पण जो प्रसंग एकदा कथेत, दुसऱ्यांदा कादंबरीत लिहून झाला तो तिसऱ्यांदा लिहिताना त्याचा हात चालेना. तो नवेच प्रसंग रचत बसला, स्टुडिओला तर पुस्तकातले हवे होते. त्याने काम सोडलं आणि श्रेयनामावलीतून नावही काढून घेतलं. 1950 मध्ये हिचकॉकच्या ‘स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन’साठी आठवड्याला 2,500 डॉलर ठरले. इथे पेच आणखी खोल होता. गाडीत भेटलेला अनोळखी माणूस खुनांच्या अदलाबदलीचा प्रस्ताव मांडतो, आणि एक सभ्य तरुण त्यात अडकत जातो. तो का अडकतो, हे चँडलरला पटेपर्यंत पुढचा प्रसंग लिहवेना. हिचकॉकला कारणांशी कर्तव्य नव्हतं, त्याच्या डोक्यात चित्रं तयार होती. दोघांचं पटेना. पटकथा पुढे झेंझी ऑर्मंडने नव्याने लिहिली. पडद्यावर चँडलरचं नाव आहे, लेखन फारसं नाही.

हॉलिवुडने त्याला काय दिलं, हा प्रश्न उरतो. पैसा दिला हे खरंच. 1946 मध्ये तो समुद्राकाठी ला होया इथे घर घेऊन राहिला. लेखकाच्या जागेबद्दलची चीड त्याने नोव्हेंबर 1945 च्या ‘अटलांटिक’ मासिकातल्या लेखात मांडली. पटकथा लेखकाची असते पण मालकी त्याची नसते, आणि मालकी नसलेल्या कामात कोणी जीव ओतत नाही, हा त्याचा युक्तिवाद आजही लागू पडतो. ‘द लिटिल सिस्टर’ (1949) या कादंबरीत हीच चीड कथेतून उतरली आहे. माझ्या मते ती त्यामुळे जराशी कडवट झाली आहे.

तिथून परत येऊन त्याने ‘द लाँग गुडबाय’ लिहिली. पहिला खर्डा 1952 च्या मे महिन्यात झाला. एजंटांना वाटलं, मार्लो, म्हणजे चँडलरच्या कादंबऱ्यांचा गुप्तहेर नायक, हळवा झालाय. चँडलरने त्यांच्याशी संबंध तोडले आणि खर्डा स्वतःच्या हिशेबाने पुन्हा लिहिला. पुस्तक 1953 मध्ये ब्रिटनमध्ये, 1954 मध्ये अमेरिकेत आलं आणि त्याला रहस्यकथांसाठीचा एडगर पुरस्कार मिळाला. हे सगळं चालू असताना सिसी फुप्फुसाच्या दुखण्याने खंगत होती. 12 डिसेंबर 1954 रोजी ती गेली. त्यानंतर चँडलर सावरला नाही. 26 मार्च 1959 रोजी ला होयात त्याचा मृत्यू झाला.

वाचायला कुठून सुरुवात करावी? माझा सल्ला असा. आधी ‘द कर्टन’ ही कथा, लगेच त्यानंतर ‘द बिग स्लीप’चं दुसरं प्रकरण. काचघर दोन्हीकडे आहे. काय वाढवलं त्याच्यावर पेन्सिलने खुणा करत वाचा. मग केनची ‘डबल इन्डेम्निटी’ वाचून सिनेमा पाहा. त्यानंतर ‘द लाँग गुडबाय’, सलग, घाई न करता. ‘प्लेबॅक’ सर्वांत शेवटी. ती मुळात 1947-48 मध्ये युनिव्हर्सलसाठी, आठवड्याला 4,000 डॉलरवर लिहिलेली पटकथा होती. सिनेमा निघालाच नाही. दहा वर्षांनी चँडलरने तिची कादंबरी केली : व्हँकूव्हरचं कॅलिफोर्निया झालं, आणि पटकथेत नसलेला मार्लो मधोमध आणून बसवला. पटकथा 1985 मध्ये स्वतंत्र छापली गेली, ती मिळाली तर दोन्ही ताडून पाहा. मार्लो नसलेली पटकथा जास्त घट्ट बांधलेली आहे, कादंबरी मात्र जागोजागी सैल पडली आहे.